चामराजपेटचे वायफाययुद्ध आणि आत्याबाईंचा हक्क

श्री बनशंकरी समर्थ. बेंगळूर प्रांती, कसबे चामराजपेट येथे, राजमान्य राजश्री त्रिविक्रमराव, निवृत्त बँक अधिकारी, यांचे घरी वायफाय बंद पडोन जो कहर गुजरला, आणि त्यांचे कुटुंब अनुसूयाबाईसाहेब यांचा आत्यापणाचा हक्क बुडता बुडता कैसा वाचला, ते वर्तमान पुढील पिढीस शहाणपण यावे म्हणोन लिहिले असे. शहाणपण येईलच, याची हमी आम्ही घेत नाही.

ऐसियास, बाईंचे बंधू वादिराज टोरांटो मुलखी चाकरीस. त्यांस कन्यारत्न जाहले आणि बारसे नेमिले. बाळाचे कानी नाव सांगावे ते आत्याने, आणि आत्या तर एकच, तीही सातासमुद्रापलीकडे. सबब बाईंनी व्हिडिओ कॉलवरून नाव सांगावे ऐसे ठरले. रविवारी सकाळी बाई ठेवणीतले रेशमी लुगडे नेसोन लॅपटॉपापुढे विराजमान जाहल्या, आणि पडदा कोरा तो कोराच.

कारण ऐसे की, रावसाहेबांनी सायबर चोरांच्या वार्ता ऐकोन एक जबर सुरक्षा सॉफ्टवेअर खरीदले होते आणि लॅपटॉप व दोघांचे फोन यांवर त्याची चौकी बसविली होती. बसविताना ते जे जे पुसे, त्यास रावसाहेब बेधडक 'नाही' म्हणत; अनोळखी सवालास होकार भरू नये, हा त्यांचा बँकेतला बाणा. तेव्हापासोन वायफाय रडू लागले, आणि पडद्यावरील लाल ढाल घडोघडी 'हल्ला परतविला' ऐसे जाहीर करी, आणि रावसाहेबांची छाती फुगे. गनीम इतके, म्हणोनच आपली खरेदी किती दूरदर्शी, ऐसे ते बाईंस ऐकवीत.

मग रणधुमाळी माजली. राउटर कपाटावरून फ्रीजवर आणि फ्रीजवरून देवघरात कूच करता जाहला. वरचे मजल्यावरील भाडेकरू रघुनंदन वायफाय चोरतो ऐसा वहीम येऊन पासवर्ड बदलण्याचे फर्मान सुटले. मिक्सराने वायफायच्या लहरी बिघडतात म्हणोन त्यास बंदी जाहली, आणि चटणी वाटायची राहिली. मग इंटरनेटवाले मंजुनाथ यांची कुमक मागविली. त्यांनी हिरवे दिवे न्याहाळिले, 'नम्म कडे सरी इदे, सर', म्हणजे आमच्याकडे सर्व ठीक, ऐसा निवाडा दिला, आणि स्कूटरवर बसोन गेले. मोबाईलचे नेटवर्क म्हणावे तर ते खिडकीबाहेर हात काढिल्यावाचून मिळेना, आणि खाली रिक्षांचे भोंगे ऐसे की बाळाचे कानी नावाऐवजी भोंगाच जाता.

इतक्यात त्याच खिडकीत वादिराजांचा संदेश आला की, अक्का, पाहुणे खोळंबले, बाळ पेंगते. होत नसेल तर शेजारच्या प्रियदर्शनीस आत्या करोन उरकतो. बाईंचे डोळे भरले. नाव त्यांनी निवडिले, भाची त्यांची, आणि कानाशी तोंड परक्या बाईचे! रावसाहेबांनी 'स्वल्प धीर धर' ऐसी आज्ञा केली, ती मोडोन बाईंनी लॅपटॉप ओढिला आणि ढालीखालची बारीक अक्षरे, जी आठवडाभर कोणी वाचिली नव्हती, ती वाचिली. परतविलेला शत्रू: त्रिविक्रम निवास. म्हणजे घरचेच वायफाय.

"अहो," बाई म्हणाल्या, "हे जाळं तुमच्या घरचं का, असं यानं विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात? आठ दिवस आपल्याच दारावर तोफा डागताय?"

रावसाहेबांनी चष्मा पुसावयास घेतला. बाईंनी 'होय' दाबिले.

दाबताच पडदा उजळला. वादिराजांनी फोन पाळण्यात धरिला, बाई झुकल्या, आणि 'कुर्रर्र' करोन हळूच म्हणाल्या, ईरा. बाळाने जांभई दिली. बाईंनी पदराने डोळे पुसले, तोवर रावसाहेब पुढे सरसावोन मेहुण्यास सांगो लागले की, मोठा बिकट हल्ला होता, शिकस्त करोन मोडिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विजय आपले नावे लिहावा ऐसा रावसाहेबांचा हुकूम, तो लिहिला. बाईंनी हरकत घेतली नाही. त्यांस बाळाचा कान मिळाला होता.