परकारभाईंचा दिवा

घरचा फोन आला की आमच्या ऑफिसातले परकारभाई तो आत उचलत नसत. लिफ्टने खाली जात आणि चांगी बिझनेस पार्कच्या रणरणत्या उन्हात, बाकावर बसून, घाम पुसत बोलत. ऑफिसचा एसी ऑफिसच्या कामासाठी, असं त्यांचं म्हणणं.

या चिपळूणच्या गृहस्थाला हा नाद लावला खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ यांनी, तोही तेराशे वर्षांपूर्वी. खलिफा राज्याचं काम सरकारी दिव्यात करत. पाहुण्याने घरची खुशाली विचारली की तो विझवून स्वतःचा लावत. ही गोष्ट परकारभाई प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. आम्ही ऑफिसच्या प्रिंटरवर विमानाचं तिकीट काढलं की मागून हळूच यायचं, "दिवा कुणाचा?"

एकदा मी चिडवलं, जेमतेम अडीच वर्षांचं राज्य, नंतरच्यांनी ते पार मोडीत काढलं, मग उरलं काय?

"ताई, आत्ता तिकीट छापताना तुम्ही मागे वळून बघितलंत. तेवढं उरलं."

दोन हजार पंधरा साली त्यांची आई चिपळूणला इस्पितळात होती. बहिणीशी बोलून बोलून दुपारी त्यांचा फोन बंद पडला. मी चार्जर पुढे केला. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. आई झोपलीय, उद्याचं विमान आहे, घरी जाऊन चार्जिंगला लावतो, म्हणाले. घर बुकित बातोकला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. ते एमआरटीत, इथल्या मेट्रोत, असताना आईला जाग आली. मुलाशी बोलायचंय म्हणाली. बहीण फोन लावत राहिली. ते घरी पोचेपर्यंत आई गेली होती.

आईला माती देऊन ते परत आले, तेव्हा मला रडू आलं आणि रागही. म्हटलं, "हेच शिकवलं का तुमच्या खलिफांनी?"

"त्यांनी घरचा दिवा जवळ ठेवला होता, ताई. मी ठेवला नाही."

तेव्हापासून त्यांच्या टेबलावर एक पॉवर बँक असते, रोज घरून चार्ज करून आणलेली. त्यांना स्वतःला ती फारशी लागत नाही. भर उन्हात खाली जावं असा फोन आता येत नाही.

परवा आईशी बोलताना माझा फोन बंद पडायला आला. परकारभाईंनी गुपचूप वायर आणून जोडली.

"सावकाश बोला. माझ्या घरची वीज आहे."

आणि जागेवर न जाता हातातले कागद उगाच चाळत तिथेच उभे राहिले. माझी आई तिकडून, शेजाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, जेवलीस का म्हणून विचारत होती.