एक काठी अंतर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. भिवा हवालदारांच्या दंडावरची फीत माझ्या उशीमुळे गेली.

सोलापूरबाहेरच्या माळावर आमची रंगरुटांची छावणी होती. आम्ही बंदूक कशी धरतो यापेक्षा खोकतो कसे, याकडे हवालदारांचं लक्ष. हातात कायम वेळूची काठी. दोन खाटांमध्ये ती आडवी बसली नाही, तर अख्खी रांग सरकवायला लावत. पंगतीत दोन ताटांच्या मध्येही काठी. कुणी शिंकलं की म्हणत, "ज्यानं त्यानं आपापला श्वास घ्यावा. शेजाऱ्याचा उसना घिऊ नये."

"हवालदारसाब, एवढ्या उन्हात पडसं कुटलं?" वैरागचा गणपा विचारी.

"धूळ नगं म्हनून दारं लावता, आन् एकमेकाच्या तोंडात तोंड घालून झोपता की."

त्यावर त्यांचा उपाय असा, की एकाचं डोकं भिंतीकडे, तर शेजाऱ्याचे पाय. भिंत दक्षिणेची, आणि पाय नेमके माझे आले. दक्षिणेला पाय मेलेल्या माणसाचे करतात, हे आईनं बजावलेलं. हवालदार पाहणी करून गेले की मी उशी फिरवी. शेजारच्या गणपाचा खोकला मग थेट माझ्या कानात. माझं बघून हळूहळू दक्षिणेला पाय आलेल्या सगळ्यांनीच उशा फिरवल्या, आणि निम्मी बराक तापानं फणफणली.

डॉक्टरसाहेब अचानक आले. सगळी डोकी एका बाजूला पाहून म्हणाले, "हे कुणी सुरू केलं? त्याला आजच घरी पाठवतो."

मी अंगात ताप घेऊन खाटेशी ताठ उभा राहिलो.

"म्याच सांगितलं, सायब," हवालदार म्हणाले. फीत गेली.

पुढे माझी छाती भरली. इस्पितळात ते भेटायला आले. हात मोकळेच होते, काठी नव्हती.

"पयल्यांदा तूच फिरवलीस व्हय रं उशी?"

"न्हाय."

त्यांनी माझ्यासकट खाट ओढली आणि पूर्व-पश्चिम लावली. "आता पाय दक्षिणेला न्हाईत. नीज. मला आदीच सुचाया पायजे हुतं."

दारापर्यंत जाऊन थांबले. "मानमोडीच्या साथीत धाकटा भाऊ माज्याजवळच झोपायचा. ताप आदी मला आलता. मी उठलो. त्यो न्हाय उठला."

हवालदार आता माढ्याला शेती करतात. बैलसुद्धा म्हणे एक काठी अंतर ठेवून बांधतात. माढा काही लांब नाही, पण मी गेलेलो नाही. त्यांच्या प्रश्नाचं 'व्हय' अजून माझ्याकडेच आहे. तेवढं मी त्यांना देणं लागतो.