एका घासात बुजवलेला चर

आमच्या म्बाले शहरात पाण्याचा पाइप पुरावा तर या वामिंबीनं! वीस वर्षं हेच करतोय मी. आणि माती कशी टाकायची ते मला शिकवायला कोण आली? तर कालपरवा तपासनीस म्हणून लागलेली नंबोझो! हातात लोखंडी सळई आणि चेहरा असा, की जणू पृथ्वी हिनंच दाबून गोल केलीय.

पाइप प्रसूतिगृहाचा होता. तिथल्या नर्सबाया महिनाभर टेकडीखालून जेरीकॅननं पाणी वाहत होत्या. म्हणजे घाईचं काम! पाइप जोडून चाचणीसाठी त्यात पाणीही सोडलं होतं, फक्त चर बुजवायचा बाकी होता.

“आधी पाइपच्या दोन्ही बगलांत बारीक माती,” नंबोझो म्हणाली. “वीतभर थर, थोडं पाणी, मग धुमसानं ठोका. मग पुढचा थर. ढेकळं नकोत.”

“बाई, पाइप पुरायचाय की पाळण्यात निजवायचाय?”

मजूर खिदळले. ती नाही हसली. “सळई आत गेली तर सगळं उकरायला लावीन,” एवढं बोलून जेवायला गेली.

तिची पाठ वळली आणि मी सगळा चर एका घासात बुजवला. ढेकळं, दगड, सगळं आत! ठोकत कोण बसतो? माझा मेहुणा मसाबा मटोकेचा, म्हणजे भाजीच्या केळ्यांचा, ट्रक घेऊन बाजाराकडे चालला होता. त्याला थांबवलं.

“यावरून चार फेऱ्या मार रे.”

“दाजी, ट्रक भरलेला आहे.”

“म्हणूनच तर! इतका भित्रा मेहुणा माझ्याच नशिबी कसा आला?”

पहिली फेरी झकास झाली. दुसरीत मागचं चाक कमरेएवढं खचलं, खाली ‘फट्ट’ झालं आणि चरातून पाण्याचा खांबच उभा राहिला! केळ्यांचे घड रस्ताभर पोहायला लागले. मसाबा टपावर चढून मला शिव्या घालत होता. तेवढ्यात नर्सबाया जेरीकॅन घेऊन धावत आल्या.

“पाणी आलं! वामिंबीभाऊ, देव तुमचं भलं करो! पण कारंजं कशाला केलंत?”

“उद्घाटन आहे!” मी ठोकून दिलं.

“झालं ना उद्घाटन?” मागून नंबोझोचा आवाज आला. “मग उकरा आता.”

मजुरांना तिनं दुसरीकडे पाठवलं. फुटलेल्या जागी नवा तुकडा जोडून तीन दिवस मी एकटाच ठोकत होतो. वीतभर थर, पाणी, धुमस! प्रत्येक थरात ती सळई खुपसायची.

“परत! याहून घट्ट माझी आई मक्याच्या पिठाचा पोशो शिजवते.”

चौथ्या दिवशी सळई वाकली, माती हलली नाही. “पास,” ती म्हणाली. मी छाती काढून प्रसूतिगृहात गेलो आणि सगळ्यांदेखत नळ सोडला.

खर्रर्र... फुस्स! थेंब नाही.

मग आठवलं. तुकडा जोडताना चिखल जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडात मी माझा सदरा कोंबला होता. तो आतच राहिला!

सध्या तिथंच खणतोय. कुदळ मारली की ठण्णकन उलटी उडते. काठावर शेंगदाणे खात बसलेली नंबोझो म्हणते, “सावकाश हं!” आणि मी मनातल्या मनात विचारतोय, इतकी घट्ट माती कुठल्या गाढवानं ठोकली असेल?