सेतुमामांच्या लाकडी सोयरिकी

आमच्या तंजावरच्या गल्लीतले सेतुमामा लाकडाची लग्नं जमवतात. राजवाड्याजवळच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले, की ते पितळी दिव्यांकडे, काचेवरच्या चित्रांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थेट कोपऱ्यातली लाकडी बाहुली उचलतात, पिशवीतून फूटपट्टी काढतात आणि विचारतात, "ह्याची बायको कुठं?"

ह्या बाहुल्यांना मरपाची म्हणतात. वीतभर उंचीचे राजा आणि राणी. आमच्याकडे आई लग्नात मुलीला ही जोडी देते आणि दर नवरात्रात ती बाहुल्यांच्या मांडणीत सगळ्यांत वरच्या पायरीवर उभी राहते. मग पोरं अमेरिकेला जातात, घर विकलं जातं आणि जोडी दुकानात येते. तिथं तिचा घटस्फोट होतो, कारण पर्यटकाला शोभेला एकच बाहुली पुरते. राजा जातो जर्मनीला, राणी दिल्लीला. विकणारे कोण? संस्कृती बुडाली म्हणून सभेत गळा काढणारेच.

मामांच्या घरी असाच एक एकटा राजा आहे. त्याला राणी मिळवून देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. कालवे खात्यात तीस वर्षं पाणी मोजलं, आता बाहुल्या मोजतात. अटी एखाद्या नाक मुरडणाऱ्या वरपित्याच्या: राणी राजापेक्षा बोटभर बुटकी हवी, नाक सरळ हवं आणि लाकूड रक्तचंदनच हवं. शिसवी राणी पुढं केली, की मान झटकतात. "अय्यय्यो, नको. आपल्यातली नाही."

"मामा, लाकडालाही जात?" मी एकदा भडकले.

"लाकडालाच उरलीय. माणसांची तुम्ही पोरींनी ठेवली कुठं?"

टोला अंबूवर होता. अंबू ही त्यांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. सहा वर्षांपूर्वी तिनं नागपट्टणच्या एका वेगळ्या जातीच्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून मी सही केली. मामा गेले नाहीत, मामींनाही जाऊ दिलं नाही. पुढं मामी वारल्या, तरी त्या घरात अंबूचं नाव निघालं नाही. नोंदणीपत्रकावरच्या त्या सहीमुळं माझं नाव मात्र 'पत्रकवाली' पडलं. पोटच्या पोरीला उंबऱ्याबाहेर ठेवायचं आणि लाकडाच्या राजासाठी स्थळं बघत हिंडायचं! मला हसू यायचं आणि त्याहून जास्त चीड यायची.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका पाहुण्या बाईंना घेऊन मी त्या दुकानात गेले. बाईंना 'अस्सल तंजावर' पिशवीत भरून न्यायचं होतं. त्यांनी एक शिसवी राणी उचलली. "ही आमच्या टीव्हीशेजारी! पण सिंगलच हवी हं. जोडी फार जुनाट वाटते."

"जरा बघू, ताई." मामा मागेच उभे होते. त्यांनी फूटपट्टी लावली. उंची जुळली, नाकही जुळलं. लाकूड मात्र काळंभोर.

दुकानदाराचा संयम संपला. "राव सार, किती वर्षं मोजणार? अंबूच्या लग्नासाठी ठेवलेली जोडी तुम्हीच रागानं माझ्या गल्ल्यावर आपटून गेलात. महिन्यानं परत मागायला आलात, तोवर राणी विकली गेली होती, राजा तेवढा उरला होता. ती राणी आता येत नाही, सार."

मामांनी फूटपट्टी पिशवीत टाकली. म्हणजे सोयरीक वगैरे सगळं सोंग होतं. सहा वर्षं हा माणूस स्वतः विकलेली एकच बाहुली शोधत होता.

त्यांनी ती काळी राणी हातात फिरवली, पदराच्या चुण्यांवरची धूळ अंगठ्यानं पुसली. "सेरी, चालेल. बांध हिला."

"अहो, मी आधी उचलली होती!" पुण्याच्या बाई म्हणाल्या.

"माफ करा, ताई. हिचं लग्न ठरलंय."

पाहुण्या बाईंना हॉटेलवर सोडून मी मामांकडे गेले. राजा फळीवरून खाली उतरला होता. मामींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मामा दोघांना गुंडाळत होते, लाल लाकूड, शेजारी काळं.

"पत्ता सांग, पत्रकवाली. पार्सल करतो."

"पार्सल कशाला? बस आहे की. तुम्हीच नेऊन द्या."

"आणि तिनं दार नाही उघडलं तर?"

मी पत्ता सांगितला.

खोक्यावर चिकटवायच्या कागदावर त्यांनी तमिळमध्ये 'अंबू' लिहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोठ्या अक्षरांत. मग पेन थांबलं.

"लग्नातली वस्तू आहे. दोघांची नावं हवीत." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याचं नाव काय ग?"

"अन्बरसन."

त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. कागदावर जागा उरली नव्हती. खाली बारीक लिहा, मी म्हटलं.

त्यांनी तो कागद फाडला आणि नवा घेतला.