साडूपेक्षा मोठा दात

साडूचा हेवा करायचा नाही, असं मी एका सोमवारी ठरवलं. (मंगळवारी मोडलं.)

साडू म्हणजे केलेपी, माझ्या मोठ्या मेहुणीचा नवरा. तो पर्यटकांच्या बोटी चालवतो. गाडी हाकताना एक कोपर खिडकीबाहेर ठेवतो, आणि तो हसला की सगळी खोली हसते. मी आमच्या बेटावरच्या सुवा शहरात पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहे. मी हसलो की लोक विचारतात, "काय, बिल वाढलं का?"

तरीही मी सगळं सोसलं असतं. पण गेल्या वर्षी चुलतसासूबाई वारल्या आणि घात झाला. आमच्याकडे लग्न असो, मयत असो नाहीतर भांडण मिटवायचं असो, तांबुआशिवाय पान हलत नाही. तांबुआ म्हणजे देवमाशाचा दात. चांगला घासून, तेल पाजून, दोरीत ओवलेला. त्या दिवशी मी नेलेला तांबुआ माझ्या वडिलांच्या वेळचा, अस्सल, पण मुठीत मावेल एवढा. सासऱ्यांनी (त्यांना मी मामा म्हणतो) तो घेतला, मान डोलावली. मग केलेपी पुढे सरकला. त्याचा तांबुआ धरायला दोन्ही हात लागत होते. वर रीतीप्रमाणे म्हणतो कसा, "मामा, हा अगदी बारका दात आहे, तुमच्या पायरीला शोभणारा नाही, पोटात घाला." आपल्या देण्याला आपणच नावं ठेवायची, ही आमची रीत. देणं जेवढं मोठं, तेवढी नावं जास्त. बायाबापड्यांनी डोळे पुसले.

परतीच्या बसमध्ये बायको, वासिती, शेजारी बसली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "केलेपीभावजींचा केवढा होता हो!"

तेव्हापासून माझ्या पोटात जळतंय ते जळतंयच.

यंदा मामांनी गावी नवं घर बांधलं. वास्तूच्या दिवशी दोन्ही जावयांनी तांबुआ द्यायचा हे उघडच होतं. सुवाच्या तारण-दुकानांत चांगले दात काचेमागे टांगलेले असतात, पण त्यांच्या किमती वाचल्या की आपले दात कडकडा वाजतात. म्हणून मी फोन उघडला. तिथे 'आजोबांची पेटी' नावाचा एक विक्रेता सापडला. फोटोत तांबुआ कसला, अख्खं जहाजच होतं! मधासारखा रंग, आणि शेजारी मापाला ठेवलेला नारळ बिचारा लिंबाएवढा दिसत होता. मी डोळे मिटून पैसे भरले. (डोळे उघडे असते तर नारळ निरखून पाहिला असता.)

वास्तूच्या आदल्या दिवशी कुरिअर आलं. दात खरंच मोठा होता. मी तो छातीशी धरून आरशासमोर उभा राहिलो आणि केलेपीसारखं हसून पाहिलं. वासितीने तो माझ्या हातातून घेतला आणि गालाला लावला.

"अहो, खरा दात गालाला गार लागतो, हा लागत नाही."

"हवा गरम आहे."

"आणि नव्या बादलीसारखा वास येतोय."

"तुला माझं काही मोठं झालेलं बघवतच नाही!"

ती शिवणाची सुई घेऊन आली. आम्ही ती चुलीवर तापवली, दोरीची गाठ सोडली आणि गाठीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी टोचली. सुई लोण्यात शिरावी तशी आत गेली. कंगवा जळल्यासारखा वास घरभर झाला. मी फोन उचलला. मग विक्रेत्याला संदेश पाठवला.

"भाऊ, दात अस्सल आहे ना?"

"शंभर टक्के. आजोबांच्या पेटीतला."

"सुई लावली तर वितळला."

"आजोबा फार म्हातारे होते, भाऊ."

"मला पैसे परत हवेत!"

"भोक पाडलेला माल परत घेत नाही." त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र, आणि मग पेटीच बंद.

"उद्या बाबांना सरळ सांगा," वासिती म्हणाली. "रिकाम्या हाताने गेलेलं चालेल, पण बाबांच्या घरात खोटं नको. माझी मान खाली जाईल." मी कबूल केलं. अगदी मनापासून कबूल केलं. दात पिशवीत घातला तो फक्त मामांना पुरावा दाखवायला.

गावात पोचलो तर अंगणात खड्ड्याची भट्टी धुमसत होती, आणि केलेपी गाडीतून अख्खं डुक्कर उतरवत होता. भोवती सगळी पोरंबाळं, सगळ्या मेहुण्या. मला बघून त्याने पाठीवर थाप मारली.

"काय इसिकेली, यंदाचा तरी मुठीबाहेर येतोय का?"

मेहुण्या हसल्या. वासितीही किंचित हसली. (ते किंचित हसू मला डुकरापेक्षा जड गेलं.) पुढे जे झालं ते माझ्या हातांनी केलं, मी नाही. चटईवर मामांसमोर बसलो आणि पिशवीतून तो भलामोठा दात बाहेर काढला. सगळं घर "ओहोहो!" म्हणालं. केलेपीचं हसू मावळलं. ते मावळताना मी डोळे भरून पाहिलं, खोटं कशाला बोलू?

मग मामांकडे पाहिलं. म्हातारा माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की मी दात मांडीवर टेकवला. मागून वासितीची नजर पाठीला टोचत होती. मला राहवेना.

"मामा," मी म्हणालो, "हा दात काही कामाचा नाही."

"छान, छान," मंडळी पुटपुटली.

"याला कवडीची किंमत नाही."

"वा!"

"मामा, रीत म्हणून नाही बोलत. हा खोटा आहे! देवमाशाने हा कधी पाहिलेलासुद्धा नाही! मला लाज वाटते आहे!"

मग ओंजळीच्या टाळ्यांचा जो गजर झाला! एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "असं नम्र बोलणारी माणसं आता राहिली नाहीत गं." मेहुण्यांनी रुमाल डोळ्यांना लावले. मी "अहो, ऐका तरी" म्हणत होतो, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. केलेपीच्या पाळीला तो आपल्या नव्या दाताबद्दल कसंबसं "लहान आहे" एवढंच म्हणाला, आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

जेवणानंतर मामांनी रीतीप्रमाणे आलेल्या भेटवस्तू पुन्हा आप्तांत वाटल्या. माझा दात त्यांनी केलेपीला दिला. आणि मला? गेल्या वर्षीचा, केलेपीचा तो दोन हातांचा तांबुआ पेटीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला! वर्षभर ज्याने मला झोप येऊ दिली नाही, तो माझा झाला. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर कोपर काढून बसलो.

सकाळी तो भिंतीवर टांगायला म्हणून दोरीची गाठ सोडली. गाठीखाली एक बारीक, काळं, सुईचं भोक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. केलेपी.

"इसिकेली, तुझ्या दाताच्या गाठीखाली भोक आहे."

"तुझ्याही."

मी ते भोक खिडकीच्या उजेडात धरलं.

"आजोबांची पेटी?" मी विचारलं.

"हो. तुला पॉलिशचा डबा मिळाला का रे? मला फुकट मिळाला."

मला मिळाला नव्हता. (खरं सांगतो, त्या अवस्थेतही पोटात जळलं.)

"मामांना सांगायला हवं," मी म्हणालो.

"तू तर सगळ्यांसमोर सांगून मोकळा झालास," केलेपी रडवेल्या आवाजात म्हणाला. "आता मी काय करू?"

माझ्या काळजाला असा गारवा गेल्या वर्षभरात मिळाला नव्हता. मी फोन ठेवला आणि वासितीला हाक मारली.

"ऐकलंस का? केलेपीचाही खोटाच! गेल्या वर्षीपासून!"

"माहीत आहे," ती दालोचे कंद सोलता सोलता म्हणाली. "काल निघताना बाबांनी सांगितलं. त्यांनी दोन्ही दात गालाला लावून पाहिले होते. म्हणून तर ज्याचा त्याला न देता अदलाबदल केली. म्हणाले, दोघांना एकमेकांकडे बघून शिकू दे."

मी खुर्चीत बसलो. मग हळूच विचारलं, "पण मी खरं बोललो, त्याबद्दल काही म्हणाले?"

"म्हणाले ना," वासिती म्हणाली. "इसिकेली मनाचा साफ आहे म्हणाले. पण खोटाच घ्यायचा तर केलेपीसारखा घ्यावा. त्याचा निदान वर्षभर टिकला."