मुंजाजीराव आणि फुकटचं सॉफ्टवेअर

फुकट म्हटलं की मुंजाजीराव दोन पावलं मागं सरकतात. लग्नात कुणी सरबत पुढं केलं तर आधी विचारतात, "कोणाकडून हाय?" पोखर्णीला नरसिंहाच्या महाप्रसादाला बसायच्या आधी दानपेटीत नोट टाकून येतात. "देवाचा बी उपकार अंगावर नको."

मुंजाजीराव आमच्या कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र विभागात आकडेमोड करायचे. तुरीचा कुठला वाण खरंच सरस आणि कुठला नुसता नशिबानं पुढं आला, हे गणितानं काढून द्यायचं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी आमच्या मार्गदर्शक मॅडमचा नियम तोच: "मुंजाजीरावांची नजर फिरल्याशिवाय तुझ्या प्रबंधावर माझी सही नाही."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मानवतजवळच्या खेड्यातून एस.टी.नं ये-जा करून एम.एस्सी.पर्यंत पोचले. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. तो दिवस चुकला की अख्खं सत्र वाया. म्हणून शनिवारी सकाळीच माझ्या तुरीच्या वाणांच्या चाचणीचे कागद घेऊन मुंजाजीरावांच्या दारात उभी राहिले.

"गणित कशावर केलंस?"

"सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन निघालंय ना काका, त्याच्यावर. फुकट आहे."

इथंच चुकलं. मुंजाजीराव उठून आत गेले आणि जाड फाईल घेऊन आले. त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक व्हर्जनबरोबर येणारा अटींचा मजकूर त्यांनी छापून घेतला होता. आपण सगळे न वाचता 'मान्य' दाबतो तो. एका ओळीखाली लाल पेन्सिलीनं तीनदा रेघ मारलेली.

"वाच. 'या सॉफ्टवेअरला कसलीही हमी नाही.' बघ, त्यायनंच लिवून दिलंय! चोर सवता सांगायलाय, मी चोर हाय म्हणून."

"काका, जगभर वापरतात."

"जगाला तुझी तूर ठावं हाय का?"

"मग जुन्या व्हर्जनवर करू?"

"जुन्याची आत्ता कुठं जरा वळख झालती. चांगलं होतं तर बदललं कामून? कायतरी लपवायलेत."

मग मोठा आखीव कागद पसरून ते हातानं आकडेमोड करायला बसले. बेरीज वरून खाली एकदा, खालून वर एकदा. कॅल्क्युलेटरवरही तेच, कारण त्याच्यावरही शक. मधेच चहा. मधेच, "तुमच्या गावात पाऊस कसा हाय?" मधेच, "बाप काय म्हंतो तुझा?" दुपारी पेन्सिल खाली ठेवली. "उद्या ये. थोडं राह्यलंय."

एस.टी.त मला रडू आवरेना. म्हातारा मुद्दाम वेळ काढायलाय, असा माझा पक्का संशय झाला. यंत्रानं ह्याचं काम खाल्लं, म्हणून राग माझ्यावर!

रविवारी ते फाटकातच उभे होते.

"सापडला दगा! तुझ्या यादीत हा वाण शेवटला येईलच कसा? माझ्या झरी गावच्या रानात त्यानं कधी मान खाली घातली न्हाई. आता हे बघ. त्याच्या ह्या प्लॉटला शून्य कामून? झाडंच उगवली नव्हती?"

"उगवली होती की. कमरेएवढी. रानडुकरांनी सपाट केली."

"मग शून्य कोण लिवलं?"

मीच लिहिलं होतं. डुकरं शिरली की आमच्या गावात 'यंदा शून्य' असंच म्हणतात. मीही वहीत तेच लिहिलं आणि कॉम्प्युटरमध्ये तेच भरलं.

"पिकलंच न्हाई, ते शून्य. पिकलं अन् डुकरानं खाल्लं, तर ती जागा रिकामी सोडायची असती, पोरी. त्या वाणाचा काय गुन्हा?"

"काका, चूक माझी आहे. सॉफ्टवेअरची नाही." हे म्हणताना मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

"त्याची बी हाय. माणूस असता तर इचारला असता, 'बाई, हितं डुकरं आल्ती का?' हे मुकाट गिळतंय. जे इचारत न्हाई त्याच्यावर भरोसा ठेवू नी."

त्यांनी कागदावरचं शून्य खोडून त्या वाणाची सरासरी पुन्हा काढली. मी लॅपटॉप उघडला, ती जागा रिकामी केली, पुन्हा चालवलं. वाण शेवटून उठून दुसरा आला. सगळ्या सरासऱ्या मुंजाजीरावांच्या कागदाशी तंतोतंत जुळल्या. त्यांनी चष्मा वर करून दोन्हीकडचे आकडे तीनदा पडताळले. चेहरा जरा पडलाच. मग कोपऱ्यात 'तपासले' लिहून खाली सही केली.

"जेवून जा. मी पिठलं टाकतो. भाकरी बी जमती आता मला."

"गाडी चुकेल, काका."

"बरं, बरं." ते फाटकापर्यंत आले. "पह्यले टेबलापुढं रांग ऱ्हायची पोरायची. आता समद्यांचं घरीच होतंय. गेल्या खेपंला व्हर्जन बदललं तवा एक पोरगा आल्ता, घाबरून. चांगला होता. दोन दिवस बसला."

मी चप्पल घातली, नमस्कार केला.

"काय गं, ह्याच्या पुढचं नवं कधी निघायलंय?"

"सहा महिन्यांनी म्हणतात."

मुंजाजीरावांनी फाटकाची कडी लावली, परत काढली.

"लय उशीर करायलेत," ते म्हणाले.