बापूकाकांचा वरचा जबडा

मला बघायला पाहुणे आले तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण, स्वयंपाक, शिवणकाम असले नेहमीचे प्रश्न विचारले. कोपऱ्यात बसलेल्या एका उंच, हडकुळ्या गृहस्थांनी मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, जरा उजेडाकडं तोंड कर. हां. आता हास."

अशा वेळी हसू कुठून येणार? मी नुसते दात दाखवले. त्यांनी मान तिरकी करून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि निकाल दिला, "ऊर्ध्वहन्वस्थी दोन्हीकडं सारखी हाय. पुढनं जरा भायेर आलीया, पर चालंल. आमच्याकडनं होकार."

माझ्या वडिलांना वाटलं, होकार मिळायच्या आधीच पोरीत काहीतरी रोग निघाला. त्यांनी हळूच विचारलं, "पावणं, औषधानं बरं होईल ना?"

ऊर्ध्वहन्वस्थी म्हणजे नुसतं वरच्या जबड्याचं हाड, हे आम्हाला मागाहून कळलं. हे आमचे बापूकाका. माझ्या नवऱ्याचे चुलते. दंतवैद्यकाच्या कॉलेजात शरीररचना शिकवायचे. माणसाच्या अंगात एवढी हाडं असताना या माणसानं सगळं आयुष्य एका वरच्या जबड्याला वाहिलं. असं मी एकदा त्यांच्यासमोरच म्हणाले, तर लगेच बोट वर.

"एका न्हवं, दोन! खालचा जबडा म्हंजे एक हाड. वरचा म्हंजे दोन. उजवं आणि डावं. मधी शिवण."

खालच्या जबड्यावर त्यांचा जुना राग. "बोललं की नाव खालच्याचं. खाल्लं की नाव खालच्याचं. उगंच हलतंय म्हणून लोकांच्या डोळ्यात भरतंय. वरचा बघ! वर डोळा पेलतोय, मधी नाक धरलंय, बाजूला गाल, खाली दात, आत टाळू. आणि एवढं करून जाग्यावरनं हलत न्हाय. घरातल्या थोरल्या सुनंसारखा."

मी त्या घरातली थोरली सून. त्या दिवसापासून मलाही ते हाड आवडायला लागलं.

कॉलेजात खेड्यापाड्यातली पोरं यायची. लॅटिन नावं ऐकून त्यांची तोंडं उघडी पडायची. मग बापूकाकांनी स्वतःची परिभाषा काढली. वरच्या जबड्याच्या हाडाला मधे एक पोकळ खोली असते आणि तिच्यापासून चार बाजूंना चार फाटे निघतात. बापूकाका हाड हातात धरून सांगायचे, "ह्ये समजा कोल्हापूर. वर कपाळाकडं चढतो त्यो पन्हाळा फाटा. बाजूला गालाकडं जातो त्यो इचलकरंजी फाटा. खाली दातांकडं उतरतो त्यो कागल फाटा. आणि आत टाळूकडं वळतो त्यो महाद्वार रोड. मधली पोकळी म्हंजे रंकाळा तलाव. सर्दी झाली की भरतो."

पोरांना हे असं पाठ झालं की पुसता पुसेना. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले. त्यांनी हाडाच्या वरच्या टोकावर बोट ठेवून चौगुले नावाच्या पोराला विचारलं, "याला काय म्हणतात?"

"पन्हाळा फाटा, सर."

"काय?"

चौगुलेला वाटलं, उत्तर थोडक्यात झालं. "सर, वर गेल्यावर कपाळ लागतं."

"आणि ही पोकळी?"

"रंकाळा, सर."

परीक्षकांनी बापूकाकांना आत बोलावलं. बापूकाकांनी त्यांना सगळा जिल्हा समजावून सांगितला. शेवटी चौगुले पास झाला, कारण गावांची नावं काहीही असोत, रस्ते सगळे बरोबर होते. पण त्याचं नाव मात्र पडलं ते पडलंच. आज स्वतःचा मोठा दवाखाना असलेल्या डॉक्टर चौगुलेंना बापूकाका भर बाजारात हाक मारतात, "ए पन्हाळा!"

या माणसाशी संसार केला तो इंदूकाकूंनी. काकू ठेंगण्या, गोल, आणि सतत हसणाऱ्या. त्यांच्या वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये चांगली ज्वारीचा दाणा बसेल एवढी फट होती. कुणी त्याबद्दल बोललं की बापूकाका चवताळायचे. "फट काय म्हणतायसा? बरोबर शिवणीवर हाय! दोन हाडं कुठं भेटत्यात ते वरनंच कळतंय. असला जबडा शोधून सापडायचा न्हाय." बायकोचं याहून जास्त कौतुक त्यांनी चारचौघांत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्या फटीमुळे काकूंच्या प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजायची. आणि ती शिट्टी आम्हाला फार उपयोगी पडायची. घरात पाहुणे आले, बापूकाकांनी कुणाच्या तरी गालाचं हाड चाचपायला हात पुढे केला की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अवं, साखर संपलीयाऽ!" बापूकाका हात मागे घेऊन, पायात चपला सरकवून मुकाट्यानं दुकानाकडे. ते परत येईपर्यंत पाहुणे चहा पिऊन सुखरूप निघून गेलेले असायचे.

काकू गेल्या. त्यानंतर मी त्यांची कोठीची खोली आवरायला घेतली, तर डब्यांमागून, पोत्यांमागून, भांड्यांमधून साखरच साखर. बाराव्याचं सगळं गोडधोड त्या साखरेत झालं आणि तरी उरली. मी बापूकाकांना म्हटलं, "काका, साखर कधी संपलीच नव्हती."

"मला ठावं हाय की," ते म्हणाले.

आम्ही वरच्या मजल्यावर, ते खाली एकटेच. मूलबाळ नाही. जेवायला वर या म्हटलं तर येतील, पण बोलणं कमी झालं. आणि मग एकामागून एक त्यांचे वरचे दात पडायला लागले. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात बघणाऱ्या माणसानं स्वतःच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिलं होतं. शेवटी वर एक दात राहिला नाही.

कोल्हापुरात राहून माणूस पांढऱ्या रश्श्यात भात कालवून खातो आणि मटण तसंच ठेवतो, हे आमच्या ह्यांना बघवेना. माझ्या स्वयंपाकाला आजवर नावं ठेवली गेली आहेत, पण असं गप्पपणे कुणी ताट बाजूला सारलेलं नव्हतं. सदरे त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. आम्ही रोज मागे लागायचो, "काका, कवळी बसवून घ्या."

"कशाला पाहिजे? कुणाला दाखवायचंय?"

मी चौगुलेंना घरी बोलावलं. त्यांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "सर, हाड झिजायला लागलंय. आणखी थांबलो तर कवळी बसायला जागा उरणार नाही. मग पातळ भातावरच राहायचं."

"पन्हाळा, ह्ये मी तुला शिकवलंय. कागल फाटा दातांसाठीच असतोय. दात गेलं की त्यो पण विरघळतोय. ज्यांच्यासाठी रस्ता केला तीच गेली, तर रस्ता कुणासाठी ऱ्हाईल?"

'ते' म्हणायच्या जागी बापूकाका 'ती' म्हणाले. चौगुलेंनी बॅटरी बंद केली. मी उगाचच चहा टाकायला उठले.

जाताना दारात चौगुले मला म्हणाले, "वहिनी, सरांचा हसतानाचा एखादा जुना फोटो बघून ठेवा. दात कसे होते ते कळलं की तसेच लावता येतात. बघू, तेवढ्यानं तरी तयार होतील."

मी सगळे अल्बम खाली घेऊन बसले. लग्न, बारशी, सहली. प्रत्येक फोटोत बापूकाका ओठ घट्ट मिटून, पोलिसानं पकडून आणल्यासारखे उभे. "काका, एकदा तरी हसायचं होतं हो!"

ते शेजारी बसून बघत होते. बघता बघता त्यांनी एक फोटो उपसून काढला, खिशात घातला आणि म्हणाले, "चल. पन्हाळ्याकडं जाऊ."

मला वाटलं, सापडला एकदाचा हसरा फोटो. मी इतकी खूश झाले की गॅसवर दूध ठेवलंय हे विसरले. त्या दुधाचं काय झालं ते आमचे हे अजून सांगतात.

मग मापं झाली, साचे झाले आणि मेणात दात लावून बघायचा दिवस आला. गुलाबी मेणाच्या कमानीत दात ओळीनं बसवलेले. बापूकाकांनी ती कमान तोंडात धरून आरशात बघितलं, बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. "ह्ये न्हाय. फोटो देतो, त्यात बघून लाव."

चौगुलेंनी फोटो पाहिला, उलटून मागे पाहिलं, परत पाहिला. "सर, ह्यात तुमचं तोंड बंद आहे."

"माझं कोण बघाय सांगतंय? शेजारचं बघ."

शेजारी काकू होत्या. वाऱ्यानं पदर उडालेला, तो एका हातानं धरलेला, आणि डोळे मिटून हसणं चाललेलं. मधोमध ती फट.

चौगुले म्हणाले, "सर, तुमच्या दातांत फट नव्हती."

"मला शिकवतोस व्हय रं?"

"तसं नाही सर. पण एवढी फट ठेवली तर बोलताना हवा जाईल. 'स' म्हणताना शिट्टी वाजेल."

बापूकाका छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "वाजू दे की."

चौगुलेंनी बारीक सुरी तापवली, मेण मऊ केलं आणि दोन पुढचे दात हलकेच एकमेकांपासून दूर सरकवले. "बरोबर शिवणीवर येऊ दे," बापूकाका म्हणाले. "आलंय, सर," चौगुले म्हणाले.

कवळी बसली. सवय व्हायला रोज थोडं मोठ्यानं वाचत जा, असं चौगुलेंनी सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन जिना उतरत होते, तोच खालून ती बारीक शिट्टी आली. चहा बशीत सांडला. तसाच घेऊन आत गेले.

बापूकाका दाढीच्या आरशासमोर उभे होते. "सांगली. सातारा. सोलापूर. सावंतवाडी." प्रत्येक गावाला शिट्टी. म्हणून झालं की थांबायचे, कान देऊन ऐकल्यासारखे, आणि पुढचं गाव घ्यायचे.

काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हटलं, "काय काका, जन्मभर पन्हाळा-कागल केलंत आणि आता परमुलखात?"

"पन्हाळ्यात 'स' कुठाय?"

"मग साखर म्हणा की."

त्यांनी माझ्या हातातली कपबशी घेतली. बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला. बराच वेळ लावला त्या कामाला.

"ते न्हाय अजून," म्हणाले, आणि आरशाकडे वळून पुन्हा सांगलीपासून सुरुवात केली.